बकुळाबाईचा मेणाचा हात

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा हात आहे. उजवा हात. परळमधल्या एका मोठ्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात मी राहतो. माझ्या एका बाजूला मेणाचा कान आहे, दुसऱ्या बाजूला मेणाचं अर्धं पाऊल. आम्हा तिघांवर तीन दुर्मीळ त्वचारोग दाखवलेले आहेत. पूर्वी रंगीत फोटो सहज निघत नसत. तेव्हा रोग्याच्या अंगाचा साचा घ्यायचे, त्यात मेण ओतायचे आणि ते हुबेहूब रंगवायचे. डॉक्टर होऊ पाहणारी मुलं आमच्याकडे बघून रोग ओळखायला शिकायची.

जुन्या घड्याळाची, फुटक्या छत्रीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती बिचारी कुणाला वाकडं बोलत नाहीत. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि इतकी वर्षं काचेमागे बसूनही तो निवलेला नाही. तुम्ही लहान आहात, पण कुणाचा राग आला आहे आणि का, हे तुम्हाला नीट कळेल असं मला वाटतं. म्हणून सांगतो.

ज्या बाईच्या हातावरून मला घेतलं, ती बकुळा. डिलाईल रोडच्या चाळीत राहायची. वय बत्तीस. एका मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत रिळांवर गुंडाळतात तिथे, ती चौदा वर्षं कामाला होती. नवरा बुधाजी शिवडीच्या गोदामात हमाली करायचा. मुलगी कांता चौथीत होती. मूळचं घर महाडकडचं. १९५६ च्या दसऱ्याला चाळीतल्या बहुतेकांबरोबर बुधाजी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता, आणि त्यांच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर लागली होती.

बकुळाचे तळहात जन्मापासून जाड आणि पिवळट होते. बोटांच्या पेरांवर कातडी अशी घट्ट, की पूर्ण मूठ वळत नसे. थंडीत भेगा पडत आणि त्यांतून रक्त येई. तिच्या वडिलांचे, रामजींचे हात तसेच होते. त्यांच्या आईचेही होते. घरात त्याला कुणी रोग म्हणत नसे. 'बकुळानं बापाचे हात घेतले,' एवढंच म्हणत आणि भेगांत खोबरेल भरत.

१९५७ च्या फेब्रुवारीत बकुळाच्या बोटाची भेग उलली आणि पांढऱ्या सुतावर रक्ताचे डाग पडले. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीनं ते वर कळवलं. मिलच्या डॉक्टरानं दारातूनच हात बघितले. आत बोलावलं नाही, की खुर्ची दिली नाही. कागदावर लिहिलं, 'महारोगाचा संशय.' मोठ्या इस्पितळातून 'महारोग नाही, रोग लागट नाही' असा दाखला आणल्याशिवाय तिला खात्यात पाऊल टाकता येणार नव्हतं.

महारोग हा शब्द मिलच्या फाटकातून बाहेर पडला आणि बकुळाच्या आधी चाळीत पोचला.

दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली तेव्हा समोरच्या खोलीतल्या मीराबाईनं आपला हंडा बाजूला ओढला. मीराबाई काही वाईट बाई नव्हती. कांताच्या जन्माच्या वेळी तीच बकुळाच्या उशाशी बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "बकुळे, तू नळाला हात नको लावू गं. बुधाजीला पाठव. पोरंबाळं आहेत आमची." त्या दिवसापासून बुधाजी पाणी भरू लागला. शाळेत कांताच्या बाकावर दुसरी मुलगी बसेना.

बकुळा इस्पितळात आली ती अशी. दोन ओळींचा दाखला मागायला.

त्वचारोगांचे डॉक्टर होते तळपदे. गिरगावात राहायचे. हुशार माणूस, ते खोटं कशाला सांगू? त्यांनी बकुळाचे हात बघितले आणि पाच मिनिटांत सांगितलं, "हा महारोग नाही. तुला चिमटा कळतो, टाचणी कळते. हे घराण्यातून आलेलं आहे. कुणाला लागायचं नाही." बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मग तेवढं लिहून द्या, डॉक्टर."

"देऊ की," डॉक्टर म्हणाले. "थोड्या तपासण्या करू आणि देऊ. असला हात मी पुस्तकातसुद्धा बघितलेला नाही. लाखात एक आहे तो."

त्यांना खरोखर आनंद झाला होता. आनंद झालेल्या माणसाला समोरच्याचं दुखणं दिसत नाही, हे मी पुढे पुष्कळदा पाहिलं.

मग दर गुरुवारी बकुळा येऊ लागली. डॉक्टरांनी तिच्या तळहाताच्या कातडीचा तुकडा काढून घेतला. फोटो काढले. तिच्या घराण्याचा वेल कागदावर काढला: कोण कुणाची मुलगी, कुणाचे हात असे, कुणाचे नीट. कांतालाही आणायला लावलं. कांताच्या तळव्यांवर पिवळी झाक नुकती दिसू लागली होती. डॉक्टरांनी ती पेन्सिलीच्या टोकानं शिष्यांना दाखवली आणि ते इंग्रजीत काहीतरी बोलले. शिष्य हसले. कांतानं आईकडे बघितलं.

बकुळानं भेगांसाठी मलम मागितलं. कातडी मऊ पडेल असं साधं मलम इस्पितळाच्या औषधालयात तयार होत असे, डब्या भरून ठेवलेले असत. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नको. मॉडेल व्हायचं आहे. भेगा नीट दिसल्या पाहिजेत."

मित्रांनो, हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं नाही. ते बकुळानं माझ्या जन्माच्या दिवशी सांगितलं. पण तेव्हापासून मी ते विसरलेलो नाही. माझ्या अंगावरची प्रत्येक भेग ज्या बारकाईनं दिसते, ती त्या न दिलेल्या मलमामुळे.

माझा जन्म मे महिन्यातला. मला घडवलं ते लालबागच्या आनंदा मूर्तिकारानं. पन्नाशीचा गडी. पावसाळ्यात गणपती करायचा आणि एरवी इस्पितळासाठी मेणाची कामं घ्यायचा. इस्पितळाच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या खोलीत त्याची शेगडी, मेण, राळ आणि रंग असत. बकुळाला त्या खोलीत पाठवलं. सोबत कुणीच आलं नाही.

आनंदानं तिचा हात आपल्या हातात घेतला. फडकं नाही, पेन्सिल नाही. अंगठ्यानं तिच्या भेगांच्या कडेकडेनं चाचपलं आणि विचारलं, "दुखतां काय गो?"

बकुळा म्हणाली, "तीन महिने झाले इथे येते. हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत."

आनंदानं हाताला तेल लावलं. भेगांत तेल भरताना तो फुंकर घालत होता. मग त्यानं प्लॅस्टर कालवून तिच्या हातावर थापलं. सुकताना प्लॅस्टर तापतं. उघड्या भेगांत ते आग आग करतं. बकुळानं दात आवळले आणि ती बोलत राहिली, बहुतेक कळ विसरायला. मिलचं सांगितलं, नळाचं सांगितलं, मलमाचं सांगितलं.

"माझा बाप महाडला गेला होता," ती म्हणाली. "चवदार तळ्यावर. वीस वर्षांचा होता. ओंजळीनं पाणी प्यायला सगळ्यांबरोबर. असल्याच हातांनी. आणि आज आमच्या चाळीतल्या नळाला मी हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडले असते. आपल्याच माणसांशी काय भांडू?"

आनंदानं साचा उघडला, मेण आणि राळ वितळवून ओतली, आणि संध्याकाळपर्यंत मी तयार झालो. रंगवायला त्याला आणखी चार दिवस लागले. भेगांच्या तळाशी त्यानं इतका खरा लाल रंग भरला की डॉक्टर तळपदे बघतच राहिले. त्यांनी मला उचलून आपल्या टेबलावर ठेवलं आणि तिथून मी दर गुरुवार डोळ्यांनी पाहिला.

गुरुवार यायचा, बकुळा यायची. "डॉक्टर, दाखला."

पहिल्यांदा ते म्हणाले, "कातडीच्या तुकड्याचा अहवाल येऊ दे." अहवाल आला. मग म्हणाले, "माझा लेख विलायतेला चाललाय, तो छापून येऊ दे. त्याआधी निदान बाहेर फुटलं तर शहरातला दुसरा कुणीतरी आपल्या नावावर लावून टाकील."

बकुळा म्हणाली, "रोगाचं नाव नकाच लिहू. महारोग नाही, लागट नाही, एवढंच लिहा."

"नाही म्हटलं की मग आहे काय, हे मिलचा डॉक्टर विचारणार. तो कुणाकुणाला सांगेल, मला काय ठाऊक? जरा धीर धर, बाई. शास्त्राला वेळ लागतो."

ह्याच टेबलावर, माझ्या शेजारी, डॉक्टर आपली टोपी ठेवत. त्यांच्या कोटाला संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला असे. त्या वर्षी निवडणुकीत समितीनं मुंबई दणाणून सोडली होती. डॉक्टर शिवाजी पार्कच्या सभांना जात आणि दुसऱ्या दिवशी शिष्यांना सांगत, की मराठी माणसाचा कारभार मराठीत झाला पाहिजे, राज्य मराठी माणसाच्या दारात आलं पाहिजे. छान बोलत. मला ते ऐकायला आवडे. आणि ते बोलत असताना दाराबाहेरच्या बाकावर बकुळा तीन तीन तास बसलेली असे, हेही मला दिसे. त्या चळवळीतल्या गोळीबारात गिरणगावातली किती माणसं गेली होती. त्या माणसांची नावं डॉक्टर हळव्या आवाजात घेत. बाकावरच्या बाईचं नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. 'ती हाताची केस' असं ते म्हणत.

असे सगळे मिळून आठ महिने गेले. बकुळाची मिलमधली जागा कुणा दुसरीला मिळाली. बुधाजी दोन पाळ्या ओझी उचलू लागला. एकदा तो तिच्यासोबत आला होता. बाकावर बसून म्हणाला, "सोड ना हे. नको नोकरी. मी आहे की."

बकुळा म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. पण कांताचे हात तसेच होतायत. उद्या तिलाही नळावरनं हाकलतील. तो कागद तिच्यासाठी पाहिजे."

नोव्हेंबरात इस्पितळात त्वचारोगांच्या डॉक्टरांची तीन दिवसांची परिषद भरली. मद्रासहून, कलकत्त्याहून पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तळपद्यांचं भाषण होतं. मला मखमलीच्या तुकड्यावर ठेवून टेबलावर मांडलं. बकुळाला निरोप पाठवून बोलावलं आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं. तिचे हात पांढऱ्या कपड्यावर ठेवायला लावले. एकाच टेबलावर आम्ही तीन हात होतो.

डॉक्टर वीस मिनिटं इंग्रजीत बोलले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते मराठीत म्हणाले, "हं, बाई. आता मूठ मिटायचा प्रयत्न कर. पाहुणे जवळून बघतील."

बकुळानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"काय झालं?"

"आधी दाखला लिहा. मग हात दाखवते."

सभागृहात कुजबूज झाली. डॉक्टर खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय? ही वेळ आहे का? नंतर बोलू."

"आठ महिने नंतरच चाललंय," बकुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं हा महारोग नाही. त्या दिवशी लिहिलं असतंत तर माझी नोकरी राहिली असती. मलम दिलं असतंत तर हात बरे दिसले असते. पण ते तुम्हाला बरे दिसायला नको होते."

मद्रासच्या पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्यानं त्यांना काही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी हसून पाहुण्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, की रोगी जरा बिथरली आहे, आपण मॉडेलवर बघू. त्यांनी माझ्या दिशेनं हात केला.

बकुळाला इंग्रजी येत नव्हतं. पण तो हात कुणाकडे गेला, ते तिनं बघितलं. ती उठली, मला मखमलीवरून उचललं आणि पदराखाली घेतलं.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली. "मी नेते."

दाराशी शिपाई रामदास उभा होता. रोग्यांना ओळीत बसवणारा, हाका मारणारा. डॉक्टर ओरडले, "रामदास, बघतोस काय?" रामदासनं बघितलं, आणि दारातून एक पाऊल बाजूला झाला.

असा मी बकुळासोबत इस्पितळाबाहेर पडलो. करी रोडचा पूल ओलांडताना ऊन डोक्यावर होतं आणि माझी करंगळी मऊ पडू लागली. बकुळानं वाटेतल्या प्याऊवर, म्हणजे पाणपोईवर, पदराचं टोक भिजवून मला गुंडाळलं. 'प्याऊला हात लावू नकोस' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, कारण तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं दोन ओंजळी पाणीही पिऊन घेतलं.

घरी बुधाजी मला बघून घाबरला. "चोरी म्हणतील. पोलीस येतील."

"येऊ दे. माझा हात माझ्या घरी आणला."

कांतानं आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवून बघितला. "आई, माझाही असाच होणार?"

"होणार," बकुळा म्हणाली. तिनं लेकीला खोटं सांगितलं नाही. "पण कुणी काही बोललं तर तुझ्याकडे कागद असेल."

मला ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं. त्या घरातली तीच थंड जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, बायकांची रांग लागली, आणि चाळीपुढे मोटार येऊन थांबली. डॉक्टर तळपदे उतरले. सोबत रामदास. परिषदेचा शेवटचा दिवस होता आणि मद्रासच्या पाहुण्यांना मला जवळून बघायचं होतं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. बकुळा मला हातात घेऊनच खाली आली, मागे हंडा आणि पितळी तांब्या घेऊन कांता. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघू लागली.

"मॉडेल दे," डॉक्टर म्हणाले. "दाखला उद्या पाठवतो."

"आज. इथे."

"इस्पितळाचा छापील कागद लागतो. तो काय मी खिशात घेऊन फिरतो?"

रामदासनं गळ्यातली पिशवी उघडली. "आणलाय, साहेब," तो म्हणाला. "शिक्का पण आणलाय."

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या जागी दुसरा असता तर खाली बसला असता. मग त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि झरझर लिहून पुढे केला. बकुळानं तो कांताला दिला. कांता म्हणाली, "आई, इंग्रजीत आहे."

"मराठीत लिहा," बकुळा म्हणाली.

"दाखले इंग्रजीतच असतात."

"मिलला इंग्रजी द्या. ह्या नळासाठी मराठी लिहा. कोटाला बिल्ला लावलाय तुम्ही. सभेत टाळ्या वाजवता. मग आमच्यापुरतं दोन ओळी मराठीत लिहायला काय होतं?"

वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतेय ती." आणखी दोघं-तिघं बोलले. डॉक्टरांनी दुसरा कागद घेतला. लिहायला लागले आणि थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

मित्रांनो, त्यांच्या वहीत तिच्या पणजीचं नाव होतं. तिच्या कातडीचे पातळ काप काचेच्या पट्ट्यांवर लावून ठेवलेले होते. तिच्या हाताच्या रेघा त्यांना स्वतःच्या हातापेक्षा जास्त पाठ होत्या. आठ महिने, चौतीस गुरुवार. आणि तो माणूस विचारत होता, नाव काय तुझं.

 बकुळा एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "बकुळा बुधाजी गमरे. लिहा. आणि मोठ्यानं वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. 'बकुळा बुधाजी गमरे यांना महारोग नाही. त्यांच्या हातांची कातडी जन्मापासून अशी आहे. हा रोग लागट नाही. त्यांच्यासोबत राहण्यास, काम करण्यास, पाणी भरण्यास काहीही हरकत नाही.' त्यातले 'पाणी भरण्यास' हे दोन शब्द बकुळानं सांगून घालून घेतले होते.

रामदासनं शिक्का मारला.

बकुळानं मला कांताच्या हातात दिलं. रांग ओलांडून ती नळाशी गेली. नऊ महिन्यांनी तिनं तोटी सोडली. पितळी तांब्या भरला आणि डॉक्टरांपुढे धरला. "इतक्या लांब आलात. पाणी घ्या."

डॉक्टर थबकले. "मी आत्ताच चहा घेतलाय," ते म्हणाले.

रोग लागट नाही हे साऱ्या मुंबईत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आताच ते लिहून, वाचून, शिक्का मारून झालं होतं. मग ते थांबले कशाला? ते कशाला थांबले, हे त्या चाळीतल्या प्रत्येक माणसाला कळलं. पोरांनाही कळलं. त्यांच्या बापजाद्यांपुढे असंच पुष्कळजण थांबले होते.

तांब्या तसाच पुढे राहिला. बकुळाचा हात हलला नाही.

रामदासनं तो तिच्या हातातून घेतला, घटाघटा अर्धा प्यायला, तोंड पुसलं आणि तांब्या डॉक्टरांपुढे केला. "थंड आहे, साहेब. घ्या."

तेव्हा डॉक्टर तळपदे प्यायले. दोनच घोट, पण प्यायले.

मीराबाई रांगेत पुढे होती. तिनं आपला हंडा नळाखालून काढला, बकुळाचा हंडा तिथे सरकवला आणि तोटीकडे बघत म्हणाली, "माझं चुकलं गं."  बकुळानं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि ती वर गेली. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मला विचाराल तर इतक्या लवकर करायची काही गरज नव्हती.

मी त्याच मोटारीतून परत आलो. पुढचं सगळं मला रामदासनं कपाट पुसता पुसता सांगितलेल्या गोष्टींतून कळलं. दाखला घेऊन बकुळा मिलमध्ये गेली. त्यांनी तो वाचला आणि सांगितलं, जागा भरली. चौदा वर्षांची कायम कामगार होती ती. तिला पुन्हा बदलीवर घेतलं, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचं. मलमाच्या डब्या रामदास स्वतः तिला पोचवायचा. भेगा बऱ्याच भरल्या. आनंदानं इस्पितळाचं काम सोडलं. त्याला कुणी कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. रामदासचं काय झालं, ते तो स्वतः सांगत नसे, पण पुढची बारा वर्षं त्याला बढती मिळाली नाही.

डॉक्टरांचा लेख विलायतेत छापला गेला. मोठं नाव झालं. त्या लेखामुळे पुढे असे हात असलेल्या कितीतरी लोकांचा रोग ओळखता आला, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ते ज्ञान बकुळाकडून आलं होतं. तिनं ते हातोहात दिलं होतं. बदल्यात दोन ओळी मागितल्या होत्या. त्या मिळवायला तिला स्वतःचा हात चोरून न्यावा लागला. संशोधनाला नाव ठेवणाऱ्यांतला मी नाही, मित्रांनो. मी संशोधनासाठीच जन्मलो. म्हणूनच मला जास्त राग येतो.

आता नव्या मुलांना पडद्यावर चित्रं दाखवतात. आमचं कपाट जिन्याखाली सरकवलं आहे. शेजारच्या कानाला तडा गेला आहे. माझी काळजी घ्या, मला पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी मेण आहे. मला दुखत नाही.

ज्यांना दुखतं, त्यांना आधी विचारा. हात बघण्याआधी नाव विचारा. काय झालंय ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. वर्गात तुमच्या बाकावर कांतासारखी मुलगी असेल, तर सरकून बसू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी पुढे डॉक्टर होऊन ह्या इस्पितळात आलात, तर जिन्याखाली एकदा वाका. माझ्याखाली एक पिवळी पडलेली चिठ्ठी आहे. तिच्यावर रोगाचं लांबलचक नाव आहे आणि डॉक्टर तळपद्यांचं नाव आहे. उरलेली जागा कोरी आहे. परवानगी मागत बसू नका. पेन काढा आणि लिहा: बकुळा बुधाजी गमरे, वाइंडिंग खातं, डिलाईल रोड.